रवीच्या माथ्यावरचा नारळ

"वेडा होता हो तो," असं मिस्त्रींबद्दल आजही कुणी म्हणालं की माझं टाळकं सरकतं. वेडा? मग शहाण्यांनी काय दिवे लावले तेही मी पाहिलंय की याच डोळ्यांनी! कारखान्यातले शहाणे एकेक करून निवृत्त झाले, गळ्यात हार घालून घरी गेले, आणि आता कुणाला त्यांचं तोंडसुद्धा आठवत नाही. मिस्त्री आठवतात. माझ्या स्वयंपाकघरातला मिक्सर बंद पडला तरी आठवतात.

पिंपरीला औषधाचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता, ती पन्नास-साठच्या मधली वर्षं. मिस्त्री तिथं फिटर होते. मूळचे चाकणचे. चांगलं लांबलचक नाव होतं त्यांना, पण ते हजेरीपुरतं. गेटवरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. बेताची उंची, पिकलेली दाढी, दोन्ही खिशांत तेलकट चिंध्या. बोलणं आमच्या मावळातलंच, व्हय-न्हाईचं. मध्येच एखादं 'या अल्ला' यायचं एवढंच. हत्यारं काळ्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची आणि त्यात हातोडा नसायचा. फिटर, आणि हातोडा नाही! कुणी विचारलं की सांगायचे, "हाय की घरी. हातोड्यानं खिळा ठोकला, आन् खिळ्याला हातोडा टांगला. झालं त्याचं काम."

कुठलंही यंत्र समोर आलं की ते आधी हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, "काय केलंत हिला?"

समोरचा म्हणणार, "काही नाही हो, आपोआप बिघडली."

"आपोआप फकस्त केस पिकत्यात. मशीन कुनीतरी बिघडवतंय. खरं सांगा, मंग हात लावतो."

आणि खरंच लावायचे नाहीत. हजेरी घेणाऱ्या टाइमकीपरची सायकल एकदा वाकडी झाली. तोही तेच म्हणाला, उभी होती, आपोआप वाकली. मिस्त्री तीन दिवस त्या सायकलीशेजारून येत-जात राहिले, ढुंकून पाहिलं नाही. टाइमकीपर रोज थेरगावहून पायी यायचा आणि रोज मिस्त्रींवर चरफडायचा. चौथ्या दिवशी त्यानं कानाशी येऊन कबूल केलं की काळेवाडीच्या उतारावर म्हैस आडवी आली आणि तो सायकलीसकट ओढ्यात गेला. मिस्त्रींनी दहा मिनिटांत चाक सरळ करून दिलं. म्हशीबद्दल कुणाला एक अवाक्षर बोलले नाहीत. ते टाइमकीपरनंच पुढं चार ठिकाणी सांगितलं.

कँटीनचा चहा ते वर्षभर प्याले नाहीत. का, तर कँटीनवाला कालचीच पत्ती पुन्हा उकळायचा आणि विचारलं की आईची शपथ घ्यायचा. एक दिवस वैतागून तो ओरडला, "हो, उकळतो! काय म्हणणं आहे?" मिस्त्री म्हणाले, "कायबी न्हाई. आन एक कप." त्या दिवसापासून तोच चहा, तीच पत्ती, रोज दोन कप. आता याला तुम्ही वेड म्हणणार असाल तर म्हणा बापडे.

आता माझं सांगते. कारखाना उभा आहे त्यातली काही जमीन आमच्या घरची. माझ्या सासऱ्यांची विहीर होती तिथं नंतर लाँड्री बांधली. जमीन गेली, बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. नवऱ्याला दमा होता, म्हणून ती नोकरी माझ्या नावावर आली. ती गेली असती तर आमच्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

लाँड्रीत आम्ही चौघी. मी, वेगळ्या चुलीची माझी जाऊ, एक साताऱ्याकडची आणि एक कोकणातली. इंजेक्शनचं औषध जिथं भरायचे त्या खोलीतल्या माणसांना पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या, तोंडाला पांढरी फडकी लागायची. ती सगळी रोज आम्ही सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढायचो. बोटांची सालटी निघायची. भाकरी थापताना हात इतका झोंबायचा की मी तव्याकडे पाहून शिव्या द्यायची.

मग ते यंत्र आलं. कारखाना उभारायला परदेशातून आलेला एक साहेब परत निघाला, त्याच्या बंगल्यातलं. त्याच्या मडमेच्या आईनं वापरलेलं म्हणे. म्हणजे आमच्याकडे आलं तेव्हाच म्हातारं. चार पायांवर उभं गोल पातेलं, वर कपडे पिळायला दोन रबरी लाटणी, आणि पातेल्याच्या मधोमध ॲल्युमिनियमचा जाड खांब. त्याला खाली तीन रुंद पंख. मोटार लावली की तो खांब अर्धा इकडं, अर्धा तिकडं फिरायचा आणि कपडे घुसळायचा. साताऱ्याची म्हणाली, "अगं बया, ही तर रवी!" तेव्हापासून ती रवीच. मिस्त्रीही रवीच म्हणायला लागले.

पहिल्या आठवड्यात माझी बोटं भरून आली. मी त्या यंत्राला रोज मनातल्या मनात हात जोडायची. लाज कसली त्यात!

आणि म्हणूनच खंडेनवमीला घोळ झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही. आम्ही पातेलं चिंचेनं घासलं, झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं. रवीच्या माथ्यावर फिरवून काढायची एक टोपी होती. ती घासायला काढली, तर आत वाटीएवढा खळगा आणि त्याच्या मधोमध, रवी ज्याच्यावर बसवलेली होती त्या लोखंडी दांड्याचं टोक. आता नारळ कुठं फोडायचा? माझे सासरे नांगराचा नारळ नांगराच्या फाळावर फोडायचे. ज्याचा नारळ त्याच्यावरच फोडायचा, ही आमच्याकडची रीत. मी उचलला नारळ आणि हाणला त्या दांड्याच्या टोकावर. एका घावात दोन शकलं! पाणी खळग्यात गेलं. मग त्याच खळग्यात गुळाचा खडा आणि खोबऱ्याचे दोन तुकडे ठेवले, यंत्राचा नैवेद्य म्हणून, आणि वरून टोपी घट्ट फिरवून लावली. यंत्राचा घास आपण कसा खायचा?

दसऱ्यानंतर यंत्र छान चाललं. दिवाळी गेली. कार्तिक संपता संपता एका बुधवारी एका झग्याची नाडी रवीच्या खाली गेली आणि बुडाशी गुंडाळली. मोटार नुसती घुमायला लागली. नाडी काढायची तर रवी वर उपसून काढायला हवी.

मिस्त्री आले. हात पाठीमागे. "काय केलंत हिला?"

"नाडी अडाकली," मी म्हणाले.

"आनि?"

"आनि काय? कायबी न्हाई."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण नाडी खरी होती, म्हणून हात लावला. टोपी काढली, आत नुसती काळपट राड दिसली. वरचा नट सोडवला, रवी उचलायला गेले. हलेना. एरवी दर महिन्याला ते ती खालून साफ करायला काढायचे, पण दसऱ्या-दिवाळीच्या गडबडीत तेवढं राहून गेलं होतं. "गंजलीया," म्हणाले, आणि दांड्याच्या कडेनं रॉकेल सोडलं. गुरुवारी पुन्हा रॉकेल. शुक्रवारी आणखी रॉकेल, आणि पंखांखालून दोर घालून ओढलं. रवी जागची हलेना.

शुक्रवारी दुपारी आमचा साहेब आला. मुंबईचा, तरुण, इस्त्रीची घडी मोडायची नाही म्हणून खुर्चीतसुद्धा बेतानं बसणारा. त्याला आधीपासूनच लाँड्री नकोशी होती. कपडे पुण्याच्या ठेकेदाराला द्यायचे, असं त्याच्या डोक्यात होतं.

"मिस्त्री, हातोडा मारा की त्याला," तो म्हणाला.

"ओतीव हाय साहेब. तडकंल."

"तडकू दे. सोमवारी मी घणवाला आणतो. निघालं तर निघालं, नाहीतर भंगार. आणि भंगार झालं तर लाँड्री बंद, कपडे पुण्याला." मग आमच्याकडे वळून, "कुणी यंत्राशी काही चाळे केले असतील तर त्याचं नाव मला हवंय. ती बाई त्याच दिवशी घरी."

तो गेल्यावर कोकणातली रडायला लागली. मी तिला गप्प बसवलं. जाऊ माझ्याकडे पाहत होती आणि मी भिंतीकडे. मला आता कळून चुकलं होतं की त्या खळग्यात मी ठेवलेल्या गुळानंच रवी धरून ठेवली होती. सांगितलं तर माझी नोकरी जाते. नाही सांगितलं तर चौघींची जाते. यात विचार करण्यासारखं काही नाही असं तुम्हाला वाटेल. तुमच्या पोटाला चिमटा बसला नाही म्हणून वाटतं तसं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री यंत्राशेजारी जमिनीवर बसून भाकरी खात होते. ते खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. म्हणायचे, मशीन उभं आसताना फिटरनं उंच बसू नये.

मी समोर जाऊन उभी राहिले.

"बोला वैनी," ते म्हणाले. "बुधवारी तुमी अर्धं सांगितलंत. मी तवाच वळखलं. पन म्हनलं, अर्ध्यात भागलं तर भागलं."

"मिस्त्री, खंडेनवमीचा नारळ मी रवीच्या डोक्यावर फोडला. आन् गूळ-खोबरं आतमंदी ठिवलं."

त्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हसणार नाहीतर ओरडणार. त्यांनी डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं, "गूळ केवढा?"

"लिंबाएवढा."

"खोबरं?"

"दोन तुकडं."

"नारळाचं पानी समदं आत गेलं?"

"समदं."

"या अल्ला!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आन् मी तीन दीस तिला राकेल पाजतुया! गंजाला राकेल लागतं वैनी, गुळाला पानी लागतं. ह्ये बुधवारीच सांगितलं आसतं तर बुधवारीच सुटली नसती का?"

"सायेब काढून टाकंल मला."

"सायबाला कोन सांगतंय? मला सांगितलंत ना? बास. चुलीवर पानी ठेवा. उकळाया लागलं की बोलवा."

ते उरलेली भाकरी शांतपणे खायला लागले, आणि मी चुलीकडे धावले.

पाणी उकळलं. मिस्त्रींनी पातेलं काठोकाठ भरून घेतलं आणि तांब्यानं खळग्यात वरून उकळतं पाणी सोडत राहिले. ओतायचं, थांबायचं, पुन्हा ओतायचं. "घाई न्हाई," म्हणायचे. "ॲल्युमिनियम ऊन पानी लागलं की फुगतं, लोखंड त्येवढं न्हाई फुगत. जरा जागा व्हईल. आन् गूळ आपसूक पघळंल." तासाभरानं पाण्यावर तांबूस रंग चढायला लागला. साताऱ्याची वाकून वास घेऊन म्हणाली, "काकवी झाली की गं!" तशा परिस्थितीतही आम्ही फसकन हसलो.

मग पाणी सोडून दिलं आणि पंखांखालून दोर घातले. वर एक बांबू आडवा धरून दोर त्याला बांधले. एका टोकाला मी आणि जाऊ, दुसऱ्या टोकाला त्या दोघी. मिस्त्री रवीच्या माथ्यावर तळहात ठेवून उभे. "झटका द्याचा न्हाई. डोली उचलत्यात तसं. दोनी बाजूनं सारखं."

आम्ही उचललं. काही नाही. पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा बांबू. जावेच्या कपाळावरची शीर तट्ट फुगलेली मला दिसत होती. "सोडू नका," मिस्त्री म्हणाले, "धरून ठेवा, ती इचार करतीया." आम्ही बांबू वर ताणून तशाच उभ्या राहिलो. माझे दंड थरथरायला लागले. मी मनात म्हटलं, निघ गं बाई, निघ, तुझ्या जिवावर चार चुली आहेत. आणि 'च्यक' असा आवाज होऊन रवी एकदम बोटभर वर आली. आम्ही चौघी मागे कोलमडलो, बांबू साताऱ्याच्या पायावर पडला, आणि तिनं मिस्त्रींच्या देखत अशी एक शिवी हासडली की ती मी इथं सांगू शकत नाही.

रवी निघाली. बुडाशी नाडी तीन वेढे घालून बसली होती. आणि रवीच्या गळ्यात आतून काळा, चिकट लेप, त्यात खोबऱ्याचे कण. मिस्त्रींनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि, काय सांगू तुम्हाला, ते बोट चाटलं! क्षणभर चव घेतली.

"गूळ चांगला व्हता," म्हणाले. "पन राकेलचा वास येतुया."

सोमवारी साहेब घणवाल्याला घेऊन आला तेव्हा यंत्र चालू होतं. घणवाला बिचारा दारातच उभा राहिला. साहेबाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याचा बेत फिसकटला होता.

"काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

"नाडी अडाकली व्हती," मिस्त्री म्हणाले.

"नाडीनं रवी जाम होत नाही. आणखी काय?"

मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले. मला ठाऊक होतं, त्यांना खोटं बोलता येत नाही. 'गंज' एवढा एक शब्द म्हटला असता तरी भागलं असतं.

"आनखी हाय," ते म्हणाले. "पन सांगनार न्हाई."

"म्हणजे? तुम्ही सगळ्या कारखान्याची उलटतपासणी करता, खरं सांगा म्हणता, आणि मी विचारलं की सांगणार नाही?"

"मी इचारतो ते दुरुस्त कराया इचारतो साहेब. तुमाला काय दुरुस्त करायचंय?"

मागे रवी घुसळत होती. साहेबाचा चेहरा लाल झाला. दुपारी कागद आला, उद्धट वर्तनाबद्दल मिस्त्रींना आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं होतं. त्यांनी कागद वाचला, त्याची घडी करून हत्यारांच्या घोंगडीत ठेवली आणि सायकलवर बसून चाकणला निघून गेले.

आणि मी गप्प बसले होते. तिथंच, चार हातांवर, ओला झगा हातात धरून. तोंड उघडलं नाही मी. ते आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही, आणि आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मिस्त्री परत आले त्या दिवशी मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "तुमी जिथं सांगायचं तिथं सांगितलंत वैनी. झालं की." त्यांच्या दृष्टीनं झालं असेल. माझ्या दृष्टीनं ते तसंच अडकून राहिलं होतं.

पुढच्या वर्षी नवरात्र बसलं आणि लाँड्रीच्या भिंतीवर नोटीस लागली. खात्यात पूजा करू नये, नारळ फोडू नये, फोडणाऱ्यावर कारवाई होईल. साहेबाला कुठून तरी कुणकुण लागली असावी. मी चौथी पास. ती नोटीस मी तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा माझं डोकं अधिक तापलं. माझ्या सासऱ्यांची विहीर होती त्या जागेवर उभं राहून हा बाबा मला सांगणार, नारळ फोडू नको?

खंडेनवमीला मी नारळ घेऊन गेले. लपवून नाही, हातात धरून. यंत्राला माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं, आणि नारळ घेऊन बाहेर आले. दाराशी कपडे आपटायचा जुना दगड होता. तिथं मिस्त्री उभे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून त्यांना कामच नव्हतं.

"आना हिकडं," ते म्हणाले.

"न्हाई. मीच फोडनार. काय करंल सायेब?"

"ते न्हाई वैनी. सायेब येनार, इचारनार, कुनी फोडला. तुमी फोडला तर मला पुन्यांदा गप बसाया लागंल. गेल्या येळंला लई जड गेलं मला. मी फोडला तर मला सांगता येतंय."

आता या माणसाला काय म्हणायचं! मी नारळ दिला. त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून तो दगडावर आपटला. एका घावात फुटला नाही, चार घाव लागले. नारळ फोडायची सवय नव्हती त्यांना.

साहेब आलाच. दगडावर सांडलेलं पाणी पाहिलं, करवंट्या पाहिल्या. "कोणी फोडला?"

"मी साहेब," मिस्त्री म्हणाले. "दगडावर."

चाकणचा मुसलमान फिटर खंडेनवमीचा नारळ फोडतो, याच्यावर कारवाईचा कागद लिहायचा तरी कसा? तो मिस्त्रींकडे पाहतच राहिला. आणि मला वर्षभर अडकून राहिलेलं ते आठवलं.

"आनला मी," मी पुढं होऊन म्हणाले. "आन् गेल्या वर्साचाबी मीच फोडला व्हता. रवीच्या डोक्यावर. गूळबी मीच ठिवला आतमंदी. म्हनून जाम झाली व्हती ती."

"तुला त्याच दिवशी घरी पाठवणार होतो, ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय. पाठवा की आता. हे आमचंच रान हाय साहेब, घरी गेले तरी उद्या हितंच येऊन हुबी ऱ्हाईन."

मिस्त्री खाली बसले, करवंटीतून खोबऱ्याचा तुकडा काढला, त्यावर गुळाचा खडा ठेवला आणि साहेबापुढं धरला. "खावा साहेब. ह्यो बाह्येरच फोडलाय, आत कायबी गेलेलं न्हाई."

साहेबानं तो तुकडा घेतला. पाठीमागे हारीनं वाळत टाकलेले पांढरे झगे होते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला तेच लागणार होते, आणि ते धुणाऱ्या चौघी दारात उभ्या होत्या. तो खोबरं चावत चावत निघून गेला. मला घरी पाठवणारा कागद आला नाही. निवृत्त होईपर्यंत मी त्याच लाँड्रीत होते.

दसरा उलटून आम्ही कामावर आलो तेव्हा ती नोटीस भिंतीवर नव्हती. ती कुणी काढली हे माझ्या या हातांना पक्कं ठाऊक आहे. पण त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी मला कधी विचारलं नाही.